अवघड शब्दांची चारशे वर्षं

स्मरणिकेसाठी तुझ्या क्षेत्राबद्दल काहीतरी लिही, असं संपादक मंडळानं मला सांगितलं होतं. सॉफ्टवेअरबद्दल लिहिणारे आपल्या तुकडीत आणखी चौघं आहेत, म्हणून मी विषय बदलून मागितला. गेल्या वर्षभरात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांत जास्त वाद झाला तो इंग्रजीवरून. माजी विद्यार्थी निधीतून शाळेला काय द्यायचं ही चर्चा निघाली आणि दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, मुलं इंग्रजीमुळे मागे पडतात, सगळे पैसे त्यावरच खर्च करा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आपण मराठीतूनच शिकलो, आपलं काय अडलं? मला दोन्ही बाजू पटल्या आणि दोन्ही अपुऱ्याही वाटल्या. इंग्रजी अडतं म्हणजे नेमकं काय अडतं, हे कुणीच सांगत नव्हतं. ते शोधायला गेले आणि चारशे वर्षं मागे जाऊन पोहोचले. त्या वाचनाचा हा गोषवारा.

आधी आपली गोष्ट. आपण इंग्रजीची एबीसीडी पाचवीत गिरवली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, म्हणजे आपण दहावी होऊन गेल्यावर. आपल्या वहीत तीन रकाने असायचे: शब्द, उच्चार, अर्थ. बाई दर शनिवारी दहा शब्द विचारायच्या. घरी आजोबांच्या कपाटात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असायची, ती सुट्टीत काढली जायची. दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान मराठीतून झालं. जूनमध्ये निकाल लागला, जुलैत अकरावी सायन्सच्या वर्गात बसलो, आणि एका महिन्यात सगळ्या विषयांची भाषा बदलली.

आपल्या तुकडीतला एक मित्र, ज्याचं नाव तुम्ही सगळे ओळखाल पण मी लिहीत नाही, गणितात माझ्या पुढे होता. भूमितीचं प्रमेय तो बाईंच्या आधी सोडवायचा. आम्ही दोघं वेगवेगळ्या कॉलेजांत इंजिनिअरिंगला गेलो. पहिल्या वर्षी त्याचे चार विषय राहिले, दुसऱ्या खेपेला तीन, आणि मग तो परत आला. आज त्याचं पंप दुरुस्तीचं उत्तम चालणारं वर्कशॉप आहे, चार माणसं कामाला आहेत, त्याला कुणाच्या सहानुभूतीची गरज नाही. पण या लेखासाठी मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गणित येत होतं गं. प्रश्न काय विचारलाय तेच कळत नव्हतं." त्याच्या परवानगीनं हे वाक्य इथे देते आहे.

त्याला कोणते शब्द अडले, हे आम्ही दोघांनी जुनी पुस्तकं काढून तपासलं. मला वाटलं होतं की रेझिस्टन्स, टॉर्क, इंटिग्रेशन असे तांत्रिक शब्द असतील. तसं नव्हतं. तांत्रिक शब्दाची व्याख्या पुस्तक स्वतःच देतं, शिक्षक फळ्यावर लिहितात. त्याला अडले ते अझ्यूम, डिराइव्ह, इंडिकेट, व्हेरी, कन्सिस्ट यांसारखे शब्द. यांची व्याख्या कुणीच देत नाही, कारण ते सर्वांना येतात असं गृहीत धरलेलं असतं. गंमत अशी की यांतली प्रत्येक कल्पना त्याच्याकडे आठवीपासून होती. "समजा" म्हणजे अझ्यूम. "पक्ष, साध्य, सिद्धता" हे तीन मथळे लिहून ज्यानं शंभर प्रमेयं सोडवली, त्याला गिव्हन, टू प्रूव्ह आणि प्रूफ शिकवायला एक तास पुरला असता. तो तास त्याला कुणी दिला नाही.

आता इतिहास. इंग्रजीतला पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश १६०४ साली निघाला. करणारा रॉबर्ट कॉड्री हा एक शाळामास्तर होता. पुस्तक छोटंसं, शब्द सुमारे अडीच हजार. त्यात पाणी, घर, भाकरी असे शब्द नाहीतच. आहेत ते फक्त अवघड शब्द, म्हणजे हिब्रू, ग्रीक, लॅटिन आणि फ्रेंचमधून आलेले. प्रवचनात आणि धर्मग्रंथात हे शब्द कानावर पडतात आणि ज्यांना लॅटिन शिकायला मिळालेलं नाही त्यांना ते कळत नाहीत, म्हणून हे पुस्तक, असं मुखपृष्ठावरच लिहिलं होतं. वाचक म्हणून त्यानं नाव घेतलं स्त्रियांचं आणि इतर न शिकलेल्यांचं. शब्द वर्णानुक्रमे कसा शोधायचा हेही त्याला प्रस्तावनेत समजावून सांगावं लागलं, कारण लोकांना तशी सवय नव्हती. थोडक्यात, इंग्रजी शब्दकोशाचा जन्मच मुळी इंग्रजांना त्यांचीच भाषा अडत होती म्हणून झाला. पाणी आणि घर यांसारखे रोजचे शब्द इंग्रजी कोशात यायला अठरावं शतक उजाडावं लागलं. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ सालच्या कोशात ४२ हजारांहून अधिक शब्द आहेत, आणि त्यात साधे आणि अवघड दोन्ही शेजारी शेजारी बसले.

इंग्रजांना त्यांची भाषा का अडावी? १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढची दोन-तीन शतकं दरबार आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच, चर्च आणि विद्यापीठाची लॅटिन, आणि शेतातली व स्वयंपाकघरातली इंग्रजी. म्हणून गोठ्यातली गाय काऊ असते आणि ताटात वाढल्यावर बीफ होते, मेंढी शीप असते आणि ताटात मटण होते. एकाच अर्थाला तीन मजले तयार झाले: विचारणं म्हणजे खालच्या मजल्यावर आस्क, मधल्यावर क्वेश्चन, वरच्यावर इंटरॉगेट. सोळाव्या शतकात विद्वानांनी लॅटिनमधून आणखी शब्दांची आयात केली, तेव्हा तिथेही भांडणं झाली. १५५३ साली टॉमस विल्सननं अशा शब्दांची टर उडवली. त्यांना नाव पडलं दौतीचे शब्द, म्हणजे जे तोंडातून येत नाहीत, शाईतूनच येतात. जॉन चीक हा केंब्रिजचा ग्रीकचा प्राध्यापक, पण आपली भाषा उसनवारीविना शुद्ध राहावी असा त्याचा आग्रह होता.

हे वाचताना मला आपली भाषा दिसत होती. मराठीलाही मजले आहेत. घरात दूध आणि कान, पोथीत दुग्ध आणि कर्ण. कचेरीत पाऊल टाकलं की अर्ज, दावा, फिर्याद, वकील, सगळं फारसी-अरबी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच कारणानं, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळावेत म्हणून. त्यामुळे "इंग्रजीत इतके अवघड शब्द कशाला?" हा प्रश्न आपल्या मुलांनी विचारला तर आपल्याला उत्तर देता यायला हवं. ज्या कारणानं मराठीत तीन थर आहेत, त्याच कारणानं तिथेही आहेत.

आता आपल्याकडे. मराठी माणसाच्या हाती इंग्रजी शब्द कोशाच्या रूपानं पोहोचले एकोणिसाव्या शतकात. जेम्स मोल्सवर्थनं जॉर्ज आणि टॉमस कँडी या बंधूंच्या आणि मराठी शास्त्री-पंडितांच्या मदतीनं मराठी-इंग्रजी कोश केला, तो १८३१ साली छापला गेला. वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. उलट दिशेचा, इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आला. हेच टॉमस कँडी मराठीत विरामचिन्हं रुजवणारे. मोल्सवर्थचा कोश आजही छापला जातो आणि मी कामावरून आल्यावर अधूनमधून चाळते. त्याचा हेतू साहेबाला मराठी कळावी हा होता, आणि त्याचा फायदा पुढे आपल्यालाच जास्त झाला.

त्याच्याही आधी, १७८६ साली, कलकत्त्यात विल्यम जोन्स या न्यायाधीशानं एशियाटिक सोसायटीपुढे एक व्याख्यान दिलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगानं येण्यापलीकडचं आहे, त्या एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं त्यानं मांडलं. हा मुद्दा भाषाशास्त्राच्या पुस्तकात असतो, शाळेत कधी येत नाही. पण अवघड इंग्रजी शब्द लॅटिन-ग्रीक असतील आणि त्या संस्कृतच्या बहिणी असतील, तर मराठी माध्यमाच्या मुलाच्या खिशात किल्ल्यांचा अर्धा जुडगा आधीच आहे.

उदाहरणं पाहा. डेंटिस्टमधला डेंट म्हणजे दंत. पेडल आणि पेडेस्ट्रियनमधला पेड म्हणजे पद. नॉव्हेल म्हणजे नवं, त्यातला नोव्ह आणि आपला नव एकच. मॉर्टल म्हणजे मर्त्य. ॲम्ब्रोझिया हा शब्द परीक्षेच्या याद्यांत हमखास असतो. तो देवांचं खाणं, आणि त्याचं मूळ आपल्या अमृताचंच आहे. ॲग्नॉस्टिक हा शब्द टॉमस हक्सलेनं १८६९ साली घडवला: ग्रीक अ आणि ग्नो, म्हणजे आपला अ आणि ज्ञा. नववीच्या विज्ञानात आपण प्रकाशाचं परावर्तन शिकलो. परिवर्तन, परावर्तन यांतला वृत् धातू आणि रिव्हर्ट, कन्व्हर्ट, इनव्हर्ट यांतला व्हर्ट सख्खे आहेत. आमच्या धंद्यातलेही दोन सांगते. तेच ते पुन्हा करणं म्हणजे इटरेट, त्यातला इटरम आणि आपला इतर एकाच घरचे. जुनं झालेलं, यापुढे वापरू नका अशी सूचना दिलेलं फंक्शन डेप्रिकेटेड म्हणतात. त्यातला विनवणीचा प्रेक् आणि आपल्या पृच्छेतला पृच्छ् यांचं मूळ एक.

इथे एक सावधगिरी हवी. दिसायला सारखे ते सगळे नातेवाईक नसतात. डीइटी हा शब्द देवशी नात्यानं जोडलेला आहे, पण थिऑलॉजीमधला थिऑस नाही, अर्थ तोच असूनही. म्हणून मुळं पाठ करून अर्थाचा अंदाज बांधावा आणि मग कोश उघडून खात्री करावी. अंदाज बांधायची हिंमत आली, की निम्मी भीती जाते.

दुसरा प्रश्न, शब्द किती लागतात? हा प्रश्न मोजून सोडवायला विसाव्या शतकात सुरुवात झाली. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२१ साली लाखो शब्दांचा मजकूर मोजून सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या १० हजार शब्दांची यादी शिक्षकांसाठी छापली. संगणक नव्हता, सगळं हातानं. पण मला सर्वांत जवळचा वाटला तो मायकेल वेस्ट. हा इंग्रज अधिकारी ढाक्याला शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य होता. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि शेवटी एक पुस्तक नीट वाचू शकत नाहीत, हे त्यानं पाहिलं. त्याचं कारण त्याला पाठ्यपुस्तकांत सापडलं: दर ओळीला नवा शब्द, आणि तोही असा जो पुन्हा कधी भेटत नाही. त्यानं गोष्टी नव्यानं लिहून घेतल्या, दुर्मीळ शब्द काढून नेहमीचे घातले आणि नवे शब्द अंतरा-अंतरानं पेरले. १९३५ च्या त्याच्या कोशात सुमारे २४ हजार नोंदींचे अर्थ जेमतेम दीड हजार शब्द वापरून दिलेले आहेत. १९५३ साली त्याची सुमारे २,००० मूळ शब्दांची प्रसिद्ध यादी आली. जगभरची सोपी इंग्रजी वाचनमाला ज्या विचारावर उभी आहे, तो ढाक्याच्या शाळकरी मुलांमुळे सुचलेला आहे.

त्याच्या पुढची पायरी न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेडनं २००० साली गाठली. विद्यापीठातल्या अनेक विषयांची पुस्तकं आणि निबंध, मिळून सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर, तिनं संगणकावर तपासला. वेस्टच्या यादीतले शब्द अशा मजकुराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग व्यापतात. उरलेल्यातून तिनं सर्व विषयांत सारखे येणारे ५७० शब्दगट वेगळे काढले. हे ५७० आणखी सुमारे १० टक्के मजकूर व्यापतात. त्या यादीचा पहिलाच भाग उघडला आणि मी थबकले. अझ्यूम, डिराइव्ह, इंडिकेट, व्हेरी, कन्सिस्ट. आमच्या मित्राचे शब्द ओळीनं उभे होते. तो ज्यांच्यामुळे परत आला ते शब्द मोजकेच होते आणि त्यांची यादी करता येत होती. आपण शाळा सोडली तेव्हा ती यादी झालेली नव्हती, हेही खरं. आता ती आहे.

यापेक्षा वरच्या शब्दांचा बाजार अमेरिकेत उभा राहिला. १९४५ पासून विल्फ्रेड फंकचं शब्दसंपत्ती वाढवण्याचं सदर रीडर्स डायजेस्टमध्ये येऊ लागलं. १९४९ साली नॉर्मन लुईसचं वर्ड पॉवर मेड ईझी आलं, जे आजही अप्पा बळवंत चौकात ढिगानं मिळतं. जीआरईची तयारी करणाऱ्या आमच्या पिढीनं बॅरन्सची साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ केली. अबेस, अबॅश, अबेट असे ए वरचे शब्द होस्टेलमधल्या प्रत्येकाला यायचे, झेडपर्यंत फार थोडे पोहोचायचे. तेव्हाच्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या विचारत; २०११ च्या ऑगस्टपासून ते दोन्ही प्रकार गेले आणि वाक्यातला संदर्भ महत्त्वाचा झाला. मी बावीस वर्षं परदेशी ग्राहकांबरोबर काम करते आहे. त्यांच्या ईमेलमध्ये अबॅश हा शब्द मला एकदाही भेटलेला नाही. अझ्यूम रोज भेटतो. तरीही ती यादी वाया गेली असं मी म्हणणार नाही. रविवारी सकाळी इंग्रजी कादंबरी कोशाविना वाचते, ती त्याच शिदोरीवर. पॉल नेशन या अभ्यासकाच्या २००६ च्या हिशेबानं कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनासायास वाचायला आठ ते नऊ हजार शब्दगट लागतात. ती वाट लांबची आहे, पण सरळ आहे. क्रम मात्र पाळायला हवा: आधी दोन हजार, मग ५७०, आणि मग आवडीनं हवे तितके.

शेवटचा प्रश्न लक्षात राहण्याचा. हर्मन एबिंगहाउसनं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आधी भराभर आणि मग हळूहळू विसरलं जातं, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतरानं केलेली उजळणी जास्त टिकते. १९७२ साली सेबास्टियन लाइट्नर या जर्मन पत्रकारानं त्यावर साधा उपाय दिला: शब्दांच्या चिठ्ठ्या आणि खणांचा एक डबा. आला तो शब्द पुढच्या खणात, चुकला तो पहिल्या खणात. मागचा खण रोज, पुढचे क्रमानं उशिरा उघडायचे. १९८७ साली पिओत्र वोझ्नियाक या पोलंडच्या संगणक विद्यार्थ्यानं हेच काम करणारा प्रोग्राम लिहिला. का? त्याला इंग्रजी शब्द लक्षात ठेवायचे होते. आज मोबाईलवर मिळणाऱ्या अशा बहुतेक ॲप्सचा मूळपुरुष तो आहे. माझ्या क्षेत्राबद्दल लिही म्हणणाऱ्या संपादकांसाठी एवढा परिच्छेद पुरे व्हावा.

आपल्या बाईंचे शनिवारचे दहा शब्द आठवा. त्या दर चौथ्या शनिवारी मागच्या तीन आठवड्यांचे शब्द पुन्हा विचारायच्या आणि आपण कुरकुरायचो. एबिंगहाउसचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, पण पद्धत तीच होती.

आता निधीबद्दल माझा प्रस्ताव, मंडळानं विचार करावा म्हणून. स्मार्ट बोर्ड घ्यायला माझा विरोध नाही. पण त्याआधी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक द्विभाषिक पुस्तिका करू. ५७० शब्दगटांपैकी गणित-विज्ञानाला लागणारे शब्द, प्रत्येकापुढे मुलांच्या मराठी पाठ्यपुस्तकातला प्रतिशब्द, आणि दोन्ही भाषांतलं तेच एक उदाहरण. समजा आणि अझ्यूम शेजारी. जिथे नातं आहे तिथे संस्कृत मूळही. शब्द निवडायचं आणि टाइप करायचं काम मी घेते. गणिताची उदाहरणं तपासायला आपला वर्कशॉपवाला मित्र तयार आहे, मी विचारलं, तो म्हणाला, "दे पाठवून, रात्री बसतो." छपाईचा खर्च निधीतून व्हावा, आणि प्रत्येक वर्गात चिठ्ठ्यांसाठी पाच खणांचा एक लाकडी डबा असावा. जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा पहिल्या शंभर प्रती तयार असतील, असं मी इथे लेखी देते.